दुपारनंतर बहिणीला जॉयस्टिक ढकलवत नाही. पुढे काय करावं?

मये_डिचोली
२१ जुलै, रात्री ९.४०

नमस्कार. लांबलचक लिहितोय, पण कृपया वाचा.

माझी धाकटी बहीण १९ वर्षांची आहे. एसएमए टाइप २, म्हणजे स्नायू दुबळे करत जाणारा आनुवंशिक आजार. लहानपणी बसू लागली, पण पायांवर कधी उभी राहिली नाही. साखळीला कॉलेजात जाते, बी.कॉम.चं दुसरं वर्ष. घरात आम्ही तिला बाय म्हणतो, इथेही तसंच लिहितो.

दोन वर्षांपूर्वी शेजाऱ्यांच्या इंग्लंडमधल्या मुलाने तिथली एक वापरलेली पॉवर व्हीलचेअर पाठवली. आर-नेट कंट्रोलर (खुर्ची चालवणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा), उजव्या हाताला जॉयस्टिक, १२ व्होल्टच्या दोन जेल बॅटऱ्या. ती आल्यापासून बाय एका वर्गातून दुसऱ्या वर्गात स्वतः जाते, कॅन्टीनला जाते, मैत्रिणींशी भांडण झालं तर तिथून निघूनही जाते. आधी भांडण झालं तरी तिथेच बसून राहावं लागायचं.

या शिमग्यापासून बिघडलं. सकाळी ठीक असते. साडेबारा-एक वाजले की हात पुढे रेटत नाही, आणि उजवीकडे घसरून जॉयस्टिक व हातटेकू यांच्यामध्ये अडकतो. गेल्या महिन्यात कॉलेजच्या रॅम्पवर अर्ध्यात हात मागे आला आणि खुर्ची थांबली. ब्रेक लागतात म्हणून मागे गेली नाही, पण मागून येणारी मुलं खोळंबली आणि ती रडकुंडीला आली. परवा घरी बोटं अडकली, खुर्ची जागच्या जागी गरकन फिरली आणि तिची नडगी चौकटीवर सोलवटली. आई म्हणते, आता मी ढकलते. खुर्ची शंभर किलोच्या वर, आईला गुडघेदुखी. आणि बायचं म्हणणं, "दादा, मला ढकलू नका, मला बसायला जागा नकोय, जायला खुर्ची हवीय."

ज्यांच्याकडून सुटे भाग घेतो त्या विक्रेत्याने सांगितलं की या खुर्चीत काही बदलता येत नाही, नवी घ्या, डोळ्यांनी चालणारी. किंमत ऐकून बाबा जेवायला बसले तेव्हा बोललेसुद्धा नाहीत. माझा एक मित्र फर्मागुढीला इंजिनिअरिंग शिकतो, तो म्हणतो की जॉयस्टिकची वायर कापून मध्ये आर्डुइनो (प्रोग्राम करता येणारा छोटा सर्किट बोर्ड) घालू आणि बोटाच्या हलक्या स्पर्शावर खुर्ची चालवू. करू का? डोकं, हनुवटी, फुंकर, डोळे, यातलं कुठलं घ्यावं? ज्यांनी केलंय त्यांनी सांगा.

म्हार्दोळ_वायरमन
२२ जुलै, सकाळी ६.१५

भाऊ, वायर कापू नका. आधी एवढंच वाचा, बाकीचं सावकाश वाचलं तरी चालेल.

माझा मुलगा २३ वर्षांचा, ड्युशेन, म्हणजे स्नायू झिजवणारा आजार. दहाव्या वर्षी खुर्चीत बसला. गेल्या तेरा वर्षांत त्याची जॉयस्टिक तीन वेळा हलवली. आधी उजव्या हाताच्या टोकाला होती, मग पोटासमोर मध्ये आणली, मग मांडीजवळ खाली, आणि आता ती एका अंगठ्यावर चालते. तो घरी बसून दोन दुकानांचे हिशेब सांभाळतो आणि जायांच्या पूजेला देवळात स्वतःची खुर्ची स्वतः नेतो. मी वायरमन आहे, थेरपिस्ट नाही. जे लिहितो ते त्याच्या हाताजवळ बसून शिकलेलं आहे.

तुमच्या बहिणीचा आणि माझ्या मुलाचा आजार वेगळा, पण एक गोष्ट सारखी. दोन्हींत खांद्याकडचे, दंडाचे मोठे स्नायू आधी जातात. बोटं आणि अंगठा बऱ्याच उशिरापर्यंत टिकतात. साधी जॉयस्टिक मात्र पूर्ण हाताने, खांद्यापासून रेटायची म्हणून बनवलेली असते. म्हणजे तुमची बाय जी ताकद तिच्याकडे उरलेली नाही तीच दिवसभर वापरतेय, आणि जी उरलीय ती हातटेकूवर नुसती पडून आहे.

म्हणून डोळे, फुंकर यांच्या वाटेला आत्ता जाऊ नका. फुंकरीच्या नळीत जोरात फुंकलं की पुढे, जोरात ओढलं की मागे, हळू फुंकलं की उजवीकडे, हळू ओढलं की डावीकडे, अशी रीत असते. जोरात आणि हळू यातला फरक दिवसभर राखायला श्वासाचा दम लागतो, आणि एसएमएमध्ये श्वासाचे स्नायूच दुबळे असतात. डोक्यामागच्या सेन्सरचं तेच. मान एकदा पुढे पडली आणि उचलता आली नाही तर खुर्ची कोणाच्या हातात राहिली? डोळ्यांनी चालवायचं तर ज्या डोळ्यांनी रस्ता पाहायचा त्यांनाच कामाला लावायचं. ज्यांच्याकडे दुसरं काहीच उरलेलं नाही त्यांच्यासाठी ती मोठी देणगी आहे. तुमच्या बहिणीकडे बोटं आहेत.

आता मोजा. अंदाज नको. जॉयस्टिकचा डबा खुर्चीवरून सोडवा, केबल काढलेली असू दे, आणि टेबलाच्या कडेला असा आडवा धरा की दांडी जमिनीला समांतर येईल. दांडीच्या टोकाला शिवणाच्या दोऱ्याने कागदी कप लटकवा. कपात चिमूट चिमूट तांदूळ टाकत जा. दांडी कलून पूर्ण खाली टेकली की थांबा आणि कप तांदळासकट वजन करा. आमच्या जुन्या जॉयस्टिकला १९० ग्रॅम लागले होते. मग स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्या, काट्याच्याच उंचीची घडी केलेल्या टॉवेलची उशी करून त्यावर तिचा हात पालथा ठेवा आणि एकेका बोटाने काटा दाबायला सांगा. मग मनगट फिरवून अंगठ्याने, मग आतल्या बाजूला, बाहेरच्या बाजूला. सकाळी नऊला एकदा आणि संध्याकाळी चार-पाचला एकदा. खरा आकडा संध्याकाळचाच. सकाळच्या ताकदीवर खुर्ची बसवली तर ती पोर दुपारी परत अडकणार.

आमच्याकडे तेव्हा अंगठ्याची संध्याकाळची ताकद ६० ग्रॅम भरली होती. समोर १९० ग्रॅमची दांडी. काट्यावरचा आकडा पाहून बायको म्हणाली, "आणि आपण त्याला म्हणत होतो की जरा जोर लाव." तो दिवस मी विसरलेलो नाही.

दांडी लांब केली तर जोर कमी लागतो, हे खरं. लांबी दुप्पट तर जोर निम्मा. पण टोकाला सरकवावं लागणारं अंतरही दुप्पट होतं. बोटाने तेवढं अंतर कापवत नाही. तेव्हा लांबी थोडीच वाढवा आणि बाकीचं काम सेटिंगवर सोडा. आर-नेटमध्ये डीलरच्या प्रोग्रामरने (सेटिंग बदलायचं उपकरण) जॉयस्टिकचा प्रवास कमी करता येतो, म्हणजे दांडी अर्धीच कलली तरी पूर्ण वेग मिळतो. थरथर गाळता येते. वळणाचा वेग आणि वळणाची उचल, म्हणजे वेग किती झपाट्याने चढतो ते, वेगळी कमी करता येते. नडगी सोलवटली ती त्या वळणाच्या वेगामुळेच. सेटिंग कोणी केलेलीच नसणार, इंग्लंडमधल्या आधीच्या माणसाच्या हाताला जशी होती तशीच आली असणार. काही बदलता येत नाही असं ज्याने सांगितलं त्याच्याकडे प्रोग्रामर नसेल, एवढाच त्याचा अर्थ.

आर्डुइनोबद्दल. मित्राची तळमळ खरी आहे, पण त्याला हे दाखवा. डब्याच्या आत जॉयस्टिकची दांडी कंट्रोलरला व्होल्टेज पाठवते. मधोमध असताना साधारण अडीच व्होल्ट, पुढे-मागे केलं की वर-खाली. वायर तुटली, व्होल्टेज मर्यादेबाहेर गेलं, तर कंट्रोलर ओळखतो आणि खुर्ची थांबवतो. पण मधला आर्डुइनो अडकला आणि 'पुढे' असंच व्होल्टेज देत राहिला, तर कंट्रोलरला ते एकदम बरोबर वाटणार. शंभर किलोची खुर्ची, वर तुमची बहीण, समोर मयेचा तलाव. नको. जॉयस्टिक तीच ठेवा, तिची जागा बदला. आर-नेटच्या लांब केबल तयार मिळतात, कापाकापी लागत नाही. मित्राला थ्री-डी प्रिंटर मिळत असेल तर ब्रॅकेट आणि टोपण करायला सांगा, तिथे त्याचं डोकं कामाला येईल.

टोपणाचं सांगतो. वरचा गोळा ओढला की निघतो. त्या जागी मी खोकल्याच्या औषधाचं मापाचं टोपण उलटं बसवलं, अंगठ्याचं पेर आत बसेल असं. वजन नावापुरतं. जड काही लावलंत तर दांडी आपल्याच वजनाने कलंडते, मधोमध परत येत नाही, आणि चालू करताना दांडी मधोमध नसेल तर कंट्रोलर चूक दाखवून खुर्ची हलूच देत नाही. ते बरंच आहे, पण कॉलेजात तसं झालं तर पोर घाबरते.

कोपरापासून मनगटापर्यंत हात टेकलेला हवा. ११० मिलिमीटरचा पीव्हीसी पाईप उभा चिरला, हीट गनने जरा उलगडला, आत योगा मॅटचा तुकडा चिकटवला, झालं पन्हळ. कोपराखाली कपाटात घालतात ती रबरी जाळी, म्हणजे कोपर सरकत नाही. मनगटाखाली मात्र गुळगुळीत साटिनचं कापड, म्हणजे हात सहज वळतो.

मोजमाप झालं की इथे लिहा.

माडावरून_परत
२२ जुलै, दुपारी १२.०५

मी हे बोलून टाईप करतोय, चुका असतील तर समजून घ्या.

मी पाडेली होतो, माडावर चढून नारळ पाडायचो. २०१४ च्या मे महिन्यात माडावरून पडलो, मान सी-४ पाशी, म्हणजे चौथ्या मणक्यापाशी, गेली. हात चालत नाहीत. सात वर्षं हनुवटीने खुर्ची चालवतोय. काका म्हणतात ते बरोबर, बोटं आहेत तोवर बोटंच. हनुवटीने चालवताना बोलता येत नाही. रस्त्यात ओळखीचं कोणी हाक मारली तर आधी थांबायचं, मग बोलायचं. खड्ड्यात चाक गेलं की दांडी दातावर येते. जेवताना कोणीतरी ती बाजूला सरकवून द्यावी लागते.

मला वेगळंच सांगायचंय. थांबण्याबद्दल. दुसऱ्या वर्षी आमच्या सांग्याच्या रस्त्यावर ब्रॅकेटचा स्क्रू हादऱ्यांनी सैल झाला आणि जॉयस्टिक छातीवर पडून कपड्यात अडकली. खुर्ची चालत राहिली. माझा भाचा धावत येऊन बटण दाबेपर्यंत वीसेक पावलं मी नुसता बघत होतो, समोर व्हाळाची उतरण. आता माझ्या कानशिलाजवळ एक वेगळं बटण आहे, डोकं थोडं कललं की खुर्ची बंद. ते असं जोडून घेतलंय की त्याची वायर तुटली किंवा निसटली तरी खुर्ची थांबते. अचानक थांबते, म्हणून छातीचा पट्टा लागतोच. बहिणीलाही काहीही करा, पण थांबायचं साधन जॉयस्टिकपासून वेगळं आणि तिच्या स्वतःच्या ताब्यात असू दे. आईच्या नाही, तुमच्या नाही.

आणि स्क्रूला लॉकचा नट घाला. दर रविवारी हात लावून बघा.

अजून एक. तिला विचारलंत का? दांडी मध्ये आणायची म्हणजे पोटासमोर ट्रे येणार. काहींना तो आवडत नाही, कोंडल्यासारखं वाटतं.

मये_डिचोली
२६ जुलै, रात्री १०.२०

काका, दादा, दोघांचेही आभार. तिला विचारलं नव्हतं. वाचून दाखवलं तेव्हा म्हणाली, ट्रे चालेल, पण पारदर्शक हवा, आपले पाय कुठे आहेत ते तिला दिसलं पाहिजे. हे आमच्या कोणाच्या डोक्यात आलं नसतं.

तीन दिवस मोजलं. दांडीला २१० ग्रॅम तांदूळ. उजव्या अंगठ्याने तळव्याच्या दिशेने दाबताना सकाळी १५०, संध्याकाळी ११० ग्रॅम. अंगठा बाहेरच्या बाजूला फक्त ३५. पहिलं बोट आपल्याकडे ओढताना संध्याकाळी ९५, पुढे ढकलताना ४०. म्हणजे ओढायला आहे, ढकलायला नाही. डावा हात सगळ्यातच थोडा कमी. आई काटा धरून बसली होती. ४० आकडा आला तेव्हा बाय म्हणाली, "म्हणजे मी आळशी नाही."

म्हार्दोळ_वायरमन
२७ जुलै, सकाळी ६.००

भाऊ, तिला सांगा, काकांनी निरोप दिलाय की पोरी, तू दोन वर्षं चाळीस ग्रॅमच्या बोटाने २१० ग्रॅमची दांडी रेटलीस. आळशी माणसाला ते जमत नाही.

ढकलण्यापेक्षा ओढणं दुपटीहून जास्त आहे. मग पुढे जाण्यासाठी ढकलायला का लावायचं? डबा उलटा फिरवून बसवा किंवा प्रोग्रामरने दिशा बदलून घ्या, म्हणजे आपल्याकडे ओढलं की खुर्ची पुढे. पण यात एक खोच आहे, ती नीट समजून घ्या. साध्या खुर्चीत खुर्ची झपकन सुटली की हात मागे राहतो, दांडी आपोआप मागे येते आणि वेग उतरतो. चूक स्वतःच आवरते. दिशा उलटी केली की तोच मागे राहिलेला हात दांडी अजून ओढतो आणि वेग वाढतो. चूक चुकीला वाढवते. म्हणून उलट्या दिशेत उचल अगदी मंद ठेवायची, सगळ्यात मंद, आणि हात पन्हळीत नीट बसलेला हवा. आम्ही हे पहिल्यांदा केलं तेव्हा मुलगा अंगणात तुळशीवृंदावनापर्यंत एका दमात गेला. वृंदावनाचा चिरा अजून टवका उडालेला आहे. त्या दिवशी उचल कमी केलेली नव्हती, चूक माझी.

दुसरा मार्ग असा की डबा नव्वद अंशात फिरवून अंगठ्याची आतली चाल म्हणजे पुढे, असं करायचं. ११० ग्रॅम तिथे आहेत. खुर्ची सुटताना हात मागे झुकतो, आडवा नाही, म्हणून ती वाढणारी चूकही टळते. वळणं बोटाने, ओढून आणि ढकलून. ढकलण्याच्या बाजूला ४० च ग्रॅम, म्हणून त्या बाजूचं वळण अर्ध्या चालीत मिळेल असं करून घ्या. मला हा मार्ग पटतो. तिला दोन्ही बसवून बघू दे.

पहिली चाचणी कारच्या जॅकने चालवणारी दोन्ही चाकं उचलून, खाली चिरे देऊन. चाकं हवेत फिरू देत, दिशा बरोबर आहेत का बघा. मग अंगणात, सर्वांत कमी वेगावर, आणि एक मोठा माणूस बटणाजवळ.

तुमच्या जॉयस्टिकच्या डब्याच्या खालच्या अंगाला दोन गोल जॅक आहेत का बघा. आर-नेटच्या बऱ्याच डब्यांना असतात, त्यातला एक बाहेरून चालू-बंद करण्यासाठी. पाडेली दादांनी सांगितलेलं थांबायचं बटण तिथे लागू शकतं. प्रोग्रामिंगमध्ये तो जॅक चालू आहे ना, हे टेक्निशियनकडून बघून घ्या.

आणि पाऊस. डब्यावर दांडीभोवती असतो तो रबरी बूट चिरलेला असेल तर या हवेत आत ओल जाणारच. वर पातळ पिशवी बांधा, पण सैल. ताणून बांधलीत तर पिशवीच वीसेक ग्रॅम खाते, मोजून बघा. बॅटरीच्या टर्मिनलांना व्हॅसलीन.

हातांचे_काम
२७ जुलै, रात्री ८.३०

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. वरचा सगळा सल्ला मनापासून आवडला, पण मला एक शंका सतावतेय. हात उजवीकडे घसरतो, आणि तेही दुपारनंतर. एसएमए टाइप २ मध्ये पाठीचा कणा वाकणं अगदी नेहमीचं. दमल्यावर धड उजवीकडे कलत असेल तर हात बिचारा धडाबरोबर जातो. मग कितीही चांगली जॉयस्टिक बसवली तरी दुपारी ती हाताखालून निघून जाईल.

एक करा. उद्या सकाळी नऊला आणि दुपारी दीडला, बहिणीची परवानगी घेऊन, बरोबर मागून फोटो काढा. दोन्ही खांद्यांची आणि कमरेच्या दोन्ही हाडांची उंची बघा. फरक दिसला तर आधी बैठक: कमरेचा पट्टा मांडीच्या सांध्यावर घट्ट, एका बाजूला बरगडीखाली आधाराची उशी, आणि बांबोळीच्या सरकारी इस्पितळात नेऊन पाठीचा एक्स-रे. कण्याचं वाकणं वाढत असेल तर ते श्वासावरही येतं, तेव्हा हे जॉयस्टिकपेक्षा आधी. जॉयस्टिक बैठकीनंतर बसवायची.

रॅम्पवर हात मागे आला त्याचंही कारण तेच असावं. चढावर सगळं अंग मागे जातं. पन्हळीला कोपराच्या मागे छोटी भिंत द्या.

वास्कोची_आई
२८ जुलै, सकाळी ११.१०

मध्येच विचारते, माफ करा. माझा मुलगा ११ वर्षांचा, सेरेब्रल पाल्सी, हात सतत वेडेवाकडे हलतात. ताकद भरपूर आहे, ताबा नाही. जॉयस्टिक त्याने दोनदा मोडली. त्याला हे ग्रॅम-बिम लागू होतं का?

हातांचे_काम
२८ जुलै, दुपारी २.४५

ताई, तुमचं उलटं आहे. त्याला हलकी नाही, दणकट हवी. पण आधी बघा की त्याच्या अंगातला सर्वांत शांत भाग कोणता. अशा मुलांमध्ये बरेचदा डोकं हातांपेक्षा जास्त ताब्यात असतं, कधी एखादा पाय. डोक्यामागे तीन पॅड असतात, मागचा म्हणजे पुढे, डावा म्हणजे डावीकडे, उजवा म्हणजे उजवीकडे, आणि मागे जायला वेगळं बटण. खुर्चीवर पैसे घालण्याआधी एका मोठ्या बटणावर गाणं लावणारं खेळणं जोडून द्या आणि कुठल्या अवयवाने तो ते हवं तेव्हा दाबतो आणि हवं तेव्हा सोडतो ते दोन आठवडे लिहून ठेवा. सोडणं जास्त महत्त्वाचं. तुमचा वेगळा धागा काढा, तिथे सविस्तर लिहिते.

मये_डिचोली
१४ सप्टेंबर, रात्री ९.००

उशिरा लिहितोय. मध्ये चवथ होती, घरात पाहुणे.

थेरपिस्ट ताईंचं खरं ठरलं. दीडच्या फोटोत उजवा खांदा डाव्यापेक्षा चांगला चार बोटं खाली. आम्ही रोज समोरून बघत होतो, मागून कधी पाहिलंच नाही. बांबोळीला एक्स-रे झाला, वाकणं आहे, दर सहा महिन्यांनी बघणार आहेत. उजव्या बरगडीखाली उशी बसवली. पहिले चार दिवस तिला टोचायची, मग फोम बदलला. नुसत्या उशीनेच हात थकायची दुपारची एकची वेळ तीनपर्यंत सरकली.

मग मुंबईहून प्रोग्रामर घेऊन एक टेक्निशियन आला, दोन तास होता. जॉयस्टिक आता मध्ये, पारदर्शक अॅक्रिलिकच्या ट्रेवर, नव्वद अंशात फिरवलेली. अंगठा आत दाबला की पुढे. ओढून पुढे जायचंही बसवून पाहिलं होतं, बायने दहा मिनिटांत नको म्हटलं, काका म्हणाले तसंच ते अंगावर धावून येत होतं. दांडीची चाल चाळीस टक्क्यांवर, वळणाचा वेग आधीच्या जवळजवळ निम्मा. टोपण औषधाचंच ठेवलंय, मित्राने प्रिंट करून दिलेलं दोन ग्रॅमने जड निघालं, तो आता दुसरं करतोय. चालू-बंदचं बटण डाव्या तळव्याखाली. खालचे जॅक होते, पण बंद करून ठेवलेले, ते टेक्निशियनने चालू केले.

सगळं सुटलेलं नाही. ट्रे कॉलेजच्या बाकाखाली जात नाही, वर्गात शिरल्यावर तो काढून परत लावावा लागतो आणि ते तिला आवडत नाही. अंगठा बाहेर नेऊन मागे यायचं, तिथे ३५ च ग्रॅम, त्यामुळे मागे येणं अजून कठीण. शक्यतो ती वळूनच निघते. हलक्या मिनी जॉयस्टिकसाठी पैसे जमवतोय, काही मायक्रो जॉयस्टिक दहा ग्रॅमवरही चालतात असं टेक्निशियनने दाखवलं. तोवर हेच.

गेल्या रविवारी आम्ही नार्व्याच्या धक्क्यावर गेलो. तिला दिवाडीला मैत्रिणीकडे जायचं होतं, फेरीबोटीने, स्वतः. बोट लागली तेव्हा ओहोटी होती. रॅम्पचा खालचा भाग उघडा पडलेला, हिरवंगार शेवाळ, उतार सरळ खाली. मी मागे उभा होतो, माझा हात नकळत खुर्चीच्या मुठीकडे गेला. बाय रॅम्पच्या वरच थांबली, खाली बघितलं, डाव्या तळव्याने खुर्ची बंद केली आणि म्हणाली, "आत्ता नाही. पाणी चढू दे."

बोट आमच्याविना गेली. आम्ही बांधावर बसलो, आईने दिलेले पोहे खाल्ले. दोनेक तासांनी पाणी शेवाळाच्या वर आलं, आणि तिने स्वतःच खुर्ची चालू केली.